थांबवलेला फेर

यवतमाळहून आर्णीकडे निघालं की गावाबाहेर ममता राठोडनं जे उभं केलं होतं, त्याला शिल्प कोणीच म्हणत नसे. कोणी पंखा म्हणे, कोणी पवनचक्की. नवखा माणूस गाडी हळू करून हमखास विचारी, "पुतळा कोणाचा हाय हा?"

"कोणाचाच नाई," ममता सांगे.

"मंग बसवला कायले?"

याचं उत्तर रस्त्याच्या कडेला उभं राहून देण्यासारखं नव्हतं. ती हसायची आणि वर बोट दाखवायची. माणूस मान वर करून बघत राहायचा, मागची गाडी हॉर्न वाजवायची, आणि उत्तर राहून जायचं.

आर्णीजवळच्या तांड्यावरची ही पोरगी नागपूरला शिल्पकला शिकायला गेली, तेव्हा बापाला वाटलं होतं की ती मूर्ती घडवेल, दुर्गेच्या दिवसांत हाताला काम राहील. तिलाही तसंच वाटत होतं. मग एका दुपारी सरांनी वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या आणि भिंतीवर परदेशातली चित्रं दाखवली. महायुद्ध संपल्यानंतरची ती शिल्पं होती. मोडक्या यंत्रांची चाकं, कारखान्यातले पत्रे, तारा, पट्टे. तिथल्या काही लोकांनी त्यांना मोटर जोडली, काहींनी वाऱ्यावर सोडलं, कोणी लोहचुंबकानं नाचवलं. एकानं तर असं यंत्र केलं होतं, की ते लोकांच्या देखत धडधडत स्वतःलाच मोडून मोकळं झालं. सर म्हणाले होते, "आपल्याकडे अजून शिल्प म्हणजे मेलेल्या माणसाला उभं करणं. यांनी उभ्या लोखंडाला जीव दिला."

ममता ते डोक्यात घेऊन परत आली. आपल्या जिल्ह्यात महायुद्ध झालं नव्हतं, पण भंगाराला तोटा नव्हता. सूतगिरणी बंद पडलेली, जिनिंगचे जुने रोलर पावसात पडलेले, डाळमिलच्या चाळण्या किलोच्या भावानं जात होत्या. तिनं लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सरकीच्या ढेपेच्या बंद कारखान्याचं शेड भाड्यानं घेतलं. एकटीला परवडेना, म्हणून अर्ध्या शेडमध्ये मोठ्या भावानं, लखननं, आपलं फॅब्रिकेशनचं दुकान आणलं. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या.

सुरुवातीला लखन तिची टर उडवायचा. "लोकं लोखंड हालू नये म्हून पैसे देतात, तू हालावं म्हून डोकं फोडतं." पण एका उन्हाळ्यात तिनं चाळणीचा पत्रा वाकवून दोरीला टांगला, तो दारातल्या झुळकीवर वळला, थबकला, उलटा फिरला, आणि लखन हातातला ग्राइंडर बंद करून बघतच राहिला. तेव्हापासून तो तिच्या कामात शिरला. चित्र तिचं, हिशेब तिचा, जोडणं त्याचं. कापडाला टीप घालावी तशी त्याची वेल्डिंग उतरायची. त्यांची कामं नागपूरच्या एका हॉटेलात लागली, पुण्याच्या प्रदर्शनात गेली. पेपरात 'ममता राठोड यांची गतिमान शिल्पे' असं छापून आलं. लखनचं नाव नव्हतं. ममतानं पत्रकाराला सांगितलं होतं, त्यानं कापलं. पुढच्या वेळी तिनं सांगितलंही नाही. भावाला यात काही वाटत असेल, हे तिच्या मनातच आलं नाही.

आर्णी रोडवरचं काम रूपसिंग जाधवांचं. तेही तांड्यातून वर आलेले. आधी ट्रक, मग गोदामं, आता दुमजली व्यापारी संकुल. संकुलासमोरच्या गोलात त्यांना 'सेल्फी पॉइंट' पाहिजे होता.

"समाजाची पोरगी एवढी शिकली, तर बाहेरचा आर्टिस्ट कायले बोलवू?" असं ते चारचौघांत म्हणाले आणि ममताला काम दिलं. अट एकच: लांबून दिसलं पाहिजे.

मधोमध लोखंडी नळाचा उंच खांब. त्यावर एकाखाली एक तीन आडवे हात, प्रत्येक हात आपापल्या बेअरिंगवर मोकळा. हातांच्या टोकांना सूतगिरणीच्या यंत्रांवरचे वाकवलेले, घासून चकचकीत केलेले पत्रे, तेही बिजागरीवर. थोडा वारा असला की वरचा हात एका बाजूला निघे, मधला त्याच्या उलट, खालचा रेंगाळत मागून येई. वारा जोराचा आला की पत्रे बिजागरीवर वळून त्याच्याकडे आपली धार करत आणि त्याला मधून जाऊ देत. सगळं गणित तेवढ्यावरच होतं. वाऱ्याशी भांडायचं नाही, त्याला वाट द्यायची.

ते पहिल्यांदा फिरलं तेव्हा आई आली होती. सुखीबाई अजूनही कांचळी, आरसे जडवलेली बंजारा चोळी, घालायची. खांबाखाली उभी राहून तिनं बराच वेळ मान वर केली आणि तोंडाला पदर लावून हसली. "हा तर आपला फेर होय. तीजेच्या सणाले पोरी धरतात तसा." नाव तेच पडलं. फेर.

गोलाच्या कडेला विमलताईंची चहाची टपरी होती. विमलताई पाटीपुऱ्यातून रोज पहाटे यायच्या. त्यांचा मुलगा संघदीप संकुलातल्या मोबाइलच्या दुकानात कामाला. त्या ममताला बिनसाखरेचा चहा द्यायच्या आणि तक्रार करायच्या, "बाई, तुयं हे फिरून राह्यलं की गिऱ्हाईक वरतं पाहत बसते. चाय थंडी होते, मंग म्हणते गरम करून द्या." पण त्यांनी टपरीचं तोंड फिरवून घेतलं होतं, बसल्या जागेवरून फेर दिसावा म्हणून.

तक्रारी दिवाळीनंतर सुरू झाल्या. साडीच्या दुकानदाराला उन्हाची तिरीप काचेतून डोळ्यांवर येई. कोणी म्हणालं, असं सारखं फिरणारं समोर असलं की धंदा टिकत नाही. मग एक दुचाकीवाला वर बघता बघता दुभाजकावर चढला. त्याला खरचटलं तेवढंच, पण तो रूपसिंगभाऊंच्या साडूचा पोरगा निघाला.

रूपसिंगभाऊंनी ममताला बोलावून घेतलं. "बेटा, चांगलंच केलं तू. आता फक्त थांबवून टाक. जसं हाय तसंच राहू दे, शोभा तेवढीच राहीन."

"भाऊ, ते थांबवता येत नाई. थांबवलं तर वारा त्याले धरन. मोडन ते."

"अरे, लोखंड हाय का पापड? पुतळे नाई राहत उभे शंभर-शंभर वर्ष?"

"तो पुतळा नाई," ममता म्हणाली. आवाज चढला तिचा. "तुम्हाले नोको असन तर काढून नेतो मी. पण हात नका लावू त्याले."

रूपसिंगभाऊ हसले. त्यांनी तिच्यासाठी उसाचा रस मागवला आणि विषय बदलला. ममताला वाटलं, पटलं त्यांना.

फेब्रुवारीत ती नागपूरला एका प्रदर्शनाच्या मांडणीसाठी गेली. परतताना आर्णीची बस पकडून थेट तांड्यावर निघाली होती. संकुल जवळ आलं तशी सवयीनं खिडकीशी सरकली. बाहेर धूळ उडत होती, कडुलिंबाच्या फांद्या झुलत होत्या. फेर उभा होता. तिन्ही हात एकाच दिशेला, पत्रे सगळे रस्त्याकडे तोंड करून, शाळेच्या फोटोला उभी केलेली पोरं जशी.

ती तिथंच उतरली. खांबाला हात लावला. वारा पत्र्यांवर आपटत होता आणि खांबातून आत कुठंतरी घुमल्यासारखा थरथराट तळव्याला लागत होता. वर बेअरिंगांवर वेल्डिंगचे टाके दिसले. बिजागऱ्यांवरही. सारख्या अंतरावर, स्वच्छ, कापडाला टीप घालावी तसे.

लखन शेडमध्ये शटरच्या पट्ट्या कापत होता. संकुलाच्या दुसऱ्या टप्प्याच्या सगळ्या शटरांचं काम त्याला मिळाल्याचं ममताला तिथं त्या पट्ट्या पाहून कळलं.

"भिया, तू टाके मारले?"

त्यानं मशीन बंद केलं नाही. तिनं जाऊन बटण दाबलं.

"मारले," तो म्हणाला. "मी नसते मारले तर दुसऱ्या कोणी मारले असते. त्यानं खांबच कापला असता. मी मारले म्हून उभं तरी हाय."

"मले एक फोन करायचा होता."

"तू हो म्हटलं असतं का?"

"नाई."

"मंग?" लखननं चष्मा कपाळावर चढवला. "माया हातानं जोडलं, माया हातानं थांबवलं. तुयं नाव हाय ना खांबाखालच्या पाटीवर? नावाले काही झालं नाई. जसंच्या तसं हाय ते."

ममताला कानाखाली बसल्यासारखं झालं. एवढी वर्षं हे आत साचत होतं आणि ती त्याच्याच शेजारी उभी राहून पत्रे वाकवत होती. तरीही ती जे बोलली ते कामाचंच बोलली. "वैशाखातलं वारं येऊन राह्यलं, भिया. ते आडवं घेईन त्याले. काढ ते टाके."

"रूपसिंगशेठले इचारतो," लखन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः ग्राइंडर आणि शिडी घेऊन गेली. संकुलाच्या वॉचमननं शिडी धरून तिला अडवलं. त्याला तसं सांगून ठेवलं होतं. तिनं रूपसिंगभाऊंना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. विमलताई टपरीतून म्हणाल्या, "जाऊ दे ना बाई, ऊन लय झालं. चाय घे." ममतानं चहा घेतला नाही. तिनं शिडी टेम्पोत टाकली आणि निघून आली.

त्यानंतर ती त्या रस्त्यानं गेलीच नाही, तांड्यावरसुद्धा नाही. कोणी विषय काढला तर म्हणायची, राहू द्या मेलेलं उभं, त्यांना तेच पाहिजे होतं. धोका आहे, लोकांना खालून उठवा, असं तिनं गावभर ओरडून सांगायला हवं होतं. पण तिला अपमान झोंबत होता, आणि अपमानापुढं तिला खालची टपरी दिसली नाही.

मेच्या मध्यावर दुपारी आभाळ एकाएकी काळं झालं. लोहाऱ्यात शेडवरचे पत्रे धाडधाड वाजले, समोरच्या कारखान्याचा बोर्ड उडून तारेत अडकला. पाऊस नाहीच, नुसतं वादळ. ते ओसरत होतं तेव्हा संघदीपचा फोन आला. तो रडत होता की धापा टाकत होता, कळत नव्हतं. "ताई, तुमचं ते पडलं. आईवर पडलं."

वरचा हात बेअरिंगपाशी तुटून पत्र्यासकट टपरीवर आला होता. विमलताई वादळात बरण्या झाकायला बाहेर वाकल्या होत्या. उजवा हात मनगटाच्या वर चिरडला गेला. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी तो त्याच संध्याकाळी काढला.

ममता दवाखान्यात बाकावर बसून राहिली. संघदीप दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. सकाळी ती संकुलासमोर गेली तेव्हा रस्ता मोकळा झाला होता. लखन गॅस कटरनं खांबाचा उरलेला बुंधा कापत होता आणि बाकी सगळं तुकडे होऊन टेम्पोत रचलेलं होतं. रूपसिंगभाऊंनी रहदारीसाठी ताबडतोब काढायला लावलं, असं वॉचमन म्हणाला. ममता टेम्पोवर चढली. एकेक तुकडा उलटापालटा करून तिनं बेअरिंगचे सांधे शोधले. जिथं टाके होते, नेमकं तिथूनच कापलेलं होतं. कडा वितळून गोल झाल्या होत्या.

तिनं खाली बघितलं. लखनच्या तोंडावर काळी काच होती. त्यानं ती वर केली नाही.

पोलीस ठाण्यात तिनं सगळं सांगितलं. ठाणेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं, लखनला बोलावलं.

"तुम्ही वेल्डिंग करून ते जाम केलं, असं या म्हणतात."

लखन भिंतीकडे बघत होता. "नाई साहेब. मी बाईनं सांगतलं तेवढंच जोडलं होतं. बेअरिंग गंजलं असन, म्हून थांबलं असन."

"शेठनं काही सांगितलं होतं?"

"नाई साहेब. ते कायले सांगतीन?"

ठाणेदारांनी ममताकडे पाहिलं. "कोणी पाहिलं होतं का?"

तेव्हा तिला विमलताई आठवल्या. दिवसा, उन्हात, शिडी लावून ठिणग्या पाडत त्यानं ते केलं असणार. टपरीचं तोंड तिकडेच होतं.

वॉर्डात विमलताई उशीला टेकून बसल्या होत्या. उशाशी सफरचंदांची पिशवी होती, संकुलातल्या फळवाल्याचं नाव छापलेली. ममतानं खाली मान घालून माफी मागितली. त्यांनी नजरेनं स्टूल दाखवलं.

"विमलताई, तुमच्या डोयासमोरच चढला असन तो वरतं."

"चढला ना," विमलताई सहज म्हणाल्या. "दोन घंटे होता. उतरला तवा घामानं वला झालता. मीच चाय देल्ली त्याले."

ममता पुढं सरकली. "हे तुम्ही ठाणेदारसाहेबांले सांगसान का?"

विमलताईंनी डाव्या हातानं चादर नीट केली. सवय नसल्यानं ती सरळ होईना. संघदीप दारात येऊन उभा राहिला होता.

"रूपसिंगशेठ येऊन गेले," त्या म्हणाल्या. "संकुलात खालचा गाळा देतो म्हणाले, संघदीपच्या नावानं. पक्का. एका हातानं मी टपरी कशी चालवू, सांग?"

"पण त्यांनीच थांबवलं ते! त्यांच्यामुळंच..."

"मले माहीत नाई का?" विमलताईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुह्यासारखी शिकली नाई मी, पण डोये हायेत मले. मी खरं सांगतलं तर शेठ आत जाईन? दोन दिवसांत बाहेर येईन. तुया भाऊ जाईन आत. अन माया पोरगा जाईन रस्त्यावर. अन हात तर मायाच गेला ना? खरं सांगून तो येते का वापस?"

ममतानं वाकून चादर सरळ केली.

"तुया फेर मले आवडे," विमलताई म्हणाल्या. "पण तू तरी कुठी आली सांगायले, विमल, उठ इथून? शिडी घेऊन गेली ती गेलीच."

संघदीप आत आला आणि आईला पाणी पाजू लागला. ममता उठली.

तांड्यावर सुखीबाई वाट बघत होती. तिला सगळं कळलेलं होतं. तांड्यात कळायला वेळ लागत नाही. तिनं ममताला भाकर वाढली, समोर बसली, आणि म्हणाली, "भावाचं नाव घेऊ नोको आता. त्याले दोन पोरी हायेत. तू एकटी हायस. तुयं काय, निभून जाईन."

"याडी, मी खरं सांगून राह्यली."

"मंग मी खोटं म्हणतो का?" सुखीबाई म्हणाली. "खाय."

ममतानं भाकर तशीच ठेवली आणि उठली. जबाब तिनं मागे घेतला नाही. त्याचा उपयोगही झाला नाही. सदोष रचना आणि निष्काळजीपणा असा गुन्हा तिच्या एकटीच्या नावावर नोंदला गेला. नागपूरच्या हॉटेलनं तिचं शिल्प उतरवून ठेवलं. वर्तमानपत्रात याही वेळी फक्त तिचंच नाव आलं.

पोळ्यानंतर लखन शेड सोडायला आला. रूपसिंगभाऊंनी त्याला संकुलामागं जागा दिली होती. त्यानं सामान टेम्पोत भरलं. शेवटी उभं ड्रिल मशीन उरलं. ते एकट्यानं उचलण्यासारखं नव्हतं. टेम्पोवाला पाठीचं दुखणं सांगून बाजूला झाला. लखन मशीनजवळ नुसता उभा राहिला.

ममता आपल्या बाजूनं आली. तिनं पायथ्याची एक कड धरली. दोघांनी ते नेहमीसारखं, न बोलता, एकाच दमात उचललं, दारापर्यंत नेलं, थांबून पकड बदलली आणि वर चढवलं. लखननं दोरी आवळली.

"याडी म्हणते, दिवाईले ये," तो दोरीकडे बघत म्हणाला.

"तू असशीन?"

"मी कुठी जाईन? घर हाय मायं."

"मंग नाई."

लखननं गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "एक डाव नाव घेतलं असतं तू मायं," तो म्हणाला. "एक डाव. कुठीतरी."

"हो. चुकलंच मायं," ममता म्हणाली. "अन त्याच्यापायी विमलताईचा हात?"

तो टेम्पोच्या पुढच्या सीटवर जाऊन बसला. टेम्पो एमआयडीसीच्या खड्ड्यांतून हेलकावत मुख्य रस्त्याला लागला. ममता बराच वेळ दारात उभी होती. मग ती आत आली. ड्रिल मशीन होतं तिथं फरशीवर तेलाचा चौकोनी डाग पडला होता. तिनं लाकडाचा भुसा आणून त्यावर पसरला आणि पायानं घासत राहिली. डाग निघाला नाही. सोमवारी कोर्टात तारीख होती. वकिलानं पांढरी साडी नेसून यायला सांगितलं होतं, आणि शक्यतो बोलायचं नाही म्हणून.